न खोदलेलं तळघर

सासऱ्यांनी हे घर घेतलं तेव्हा
रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून आत यायचं.
मी लग्न होऊन आले तेव्हा दोन.
मग डांबर, डांबरावर डांबर,
त्यावर काँक्रीट, त्यावर पेव्हर,
आणि आता उंबऱ्याच्या आत
पाऊल खाली टाकावं लागतं.
कुणी एक कुदळ मारली नाही
तरी आमचं तळघर झालं.

शीवच्या या गल्लीत पाणी दारातून येत नाही.
दाराला फळी आहे, फटीत सिलिकॉन आहे.
ते येतं मोरीतून.
आधी झुरळं, घाईघाईने, मागे न बघता.
मग जाळीखाली गुडगुड,
दाराबाहेर कुणी खाकरावं तशी.
मग ते.
त्याला आम्ही पाणीच म्हणतो,
जेवायच्या घरात दुसरं काय म्हणणार.
जाळीवर पाटा, पाट्यावर गव्हाचा डबा,
डब्यावर एका रात्री मी स्वतः,
भरती ओसरेपर्यंत.
पाटा हलतो हो. खालून हलतो.

पास्कल डाबरे वसईहून आला,
गुडघे टेकून कोपरापर्यंत हात आत घातला
आणि म्हणाला, "वहिनी, पाइप उलटा श्वास घेतोय."
कॅलेंडरच्या जून महिन्यामागे लिहून दिलं:
एकतर्फी झडप, चार इंची, साडेअकरा हजार.
चेंबर फोडणं, बांधणं, मजुरी वेगळी.
छोटा पंप, नको असेल तर नको, पण घ्याच.
जमीन दीड फूट उचलायची तर
इथे त्याचं पेन थांबलं,
त्याने पंख्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे.
ह्यांनी मान जराशी खाली घेतली,
लागलाच म्हणून.

सोसायटीच्या मीटिंगला अवसरे म्हणाले,
"तळमजल्याचा प्रश्न तळमजल्याने सोडवावा."
अवसरे चौथ्या मजल्यावर राहतात.
रोज सकाळी सव्वासहाला
ते आमच्या भिंतीतल्या पाइपातून खाली येतात,
माझी चहाची वेळ मी त्यावरून धरते.
हे बोलले नाही.
चहा घेतला, बिस्कीट घेतलं नाही.

डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी ठेवलेले काढले.
डोळा थांबेल,
अमावास्येची भरती थांबायची नाही.

आणि त्या रात्री झडप मिटली.
टप्. बस्स एवढंच.
झुरळं नाहीत, गुडगुड नाही,
पाटा पाट्यासारखा पडलेला.
आमचंही बाहेर जाणार नव्हतं म्हणा,
तांदळाचं धुवण, हात धुतलेलं, सगळं
बादलीत, टोपात, शेवटी कळशीत.
हे म्हणाले, झोप आता.
कितीतरी वर्षांनी पावसात पाय पसरून झोपले.

दोनच्या सुमारास भिंतीवर थाप.
शेजारच्या किल्लेकरबाई, एकट्याच असतात.
दार उघडलं तर त्या पलंगावर उभ्या,
हातात देवांचं ताम्हन,
आणि खोलीत मांडीपर्यंत.
"दरवेळी घोट्याइतकं येतं हो," त्या म्हणाल्या,
"यंदाच का?"

मी बादली घेतली.
उपसता उपसता मोजायला नको होतं, पण मोजलं.
त्यातलं अर्धं आमचं होतं.

सकाळी पास्कलला फोन लावला.
बाईंच्या घरी झडप बसवायची तर किती?
म्हणाला, तोच भाव, हजार कमी करीन.
मग थोडा वेळ काहीच बोलला नाही,
मागून कुठलीतरी एसटी गेल्याचा आवाज आला.
"वहिनी," तो म्हणाला,
"तुमच्या गल्लीच्या टोकाला, उताराला,
ती बालवाडी आहे ना?"