ऑगस्टमधली मोजणी

ते आले ऑगस्टमध्ये.
लिनेनच्या शेतात गवत नुकतंच कापलेलं,
गाई दगडी भिंतीला टेकून सावलीत,
आणि पिवळ्या जाकिटातली तीन माणसं
जमिनीत नळ्या खुपसत होती.
अहवालात आलं: जमीन कोरडी. उतार दक्षिणेला.
चौसष्ट घरं, चौसष्ट शोषखड्डे,
शोभेचं एक तळं.

जानेवारीत कुणी आलं नाही.
जानेवारीत त्याच शेतात होडी चालते.
पावसानं भरत नाही ते. पाणी खालून येतं,
चुनखडीच्या भोकांतून, रात्रीत, आवाज न करता,
आणि सकाळी कुंपणाचे खांब गळ्यापर्यंत बुडालेले,
बदकं हजर. त्यांना कोण कळवतं, ठाऊक नाही.
एप्रिलपर्यंत गेलेलं असतं, आलं तसंच.
आमच्याकडे त्याला नाव आहे, टर्लॉक.
नकाशात नुसता हिरवा रंग.

किलनाब्रॅकच्या पंपघराची किल्ली
सव्वीस वर्षं माझ्याकडे.
एकशे बारा घरांचं पाणी.
दर सोमवारी बाटली भरायची, क्लोरीन बघायचं,
वहीत आकडा लिहायचा.
मी भाषण करणारा माणूस नाही.

पण फेब्रुवारीत फिंटन हेहरच्या भाचीनं
विद्यापीठातून रंगाची पूड आणली, परवानगीचा कागदही,
आणि शेताच्या कोपऱ्यात, जिथे ओढा जमिनीत शिरतो
तो पुन्हा दिसतच नाही, तिथे ओतली.
अहवालाप्रमाणे रंग दक्षिणेला, नदीत यायला हवा.
चार दिवस आम्ही नदीवर फ्लास्क घेऊन बसलो.
नदी नदीच्याच रंगाची.
पाचव्या दिवशी अट्रॅक्टा क्वीलीचा फोन:
"अरे, माझी किटली हिरवी झालीय."
तिची विहीर उत्तरेला. टेकडीपलीकडे. पाच किलोमीटर.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक संशयानं म्हणतात.
इथे ते मुरतंच.
कुठे, एवढंच कुणी विचारलं नव्हतं.

सुनावणी शाळेत झाली.
पोरांच्या खुर्च्या, गुडघे हनुवटीला.
भिंतीवर तिसरीनं रंगवलेलं जलचक्र:
ढग, बाण, डोंगर, बाण, समुद्र.
जमिनीच्या आत एकही बाण नाही.
इंजिनिअर तरुण, नम्र, बुटांवर चिखल नसलेला.
"शंभर वर्षांतून एकदा पडणारा पाऊस धरलाय," म्हणाला.
"तो दहा वर्षांत तीनदा येऊन गेला," मागून कुणीतरी.
हशा. तोही हसला, बिचारा.
मग अट्रॅक्टानं पिशवीतून बरणी काढली,
मुरंब्याची, लेबल अर्धं खरवडलेलं,
आणि त्याच्यासमोर ठेवली.
खिडकीच्या उजेडात
आतलं पाणी कोवळ्या वाटाण्यासारखं.
"घ्या ना," ती म्हणाली. "सावकाश. घाई नाही."

इथेच संपलं असतं तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.
पण मागे दाराशी डोनल उभा होता, माझा मुलगा,
आणि सात महिन्यांची पोटुशी शिव्हॉन.
दोघं माझ्या परसात ट्रेलरमध्ये राहतात.
भिंतीवरची बुरशी ती दर शनिवारी व्हिनेगरनं पुसते.
अकरा नंबरच्या घराची अनामत त्यांनी भरलीय.
हरकतीचा कागद फिरत फिरत माझ्याकडे आला.
मी सही केली. पेन पुढे देताना
त्याच्याकडे बघितलं नाही.

परतताना गाडीत वायपरचाच आवाज.
चर्चच्या वळणावर डोनल म्हणाला,
"वरच्या अंगाला क्लूनचं शेत आहे की. तिथला खडक घट्ट."
"आहे."
"मग तिथे का नाही बांधत?"
"तिथून समुद्र दिसत नाही."
शिव्हॉन मागच्या सीटवरून बोलली,
"मला कुठे समुद्र हवाय?"

आज सोमवार.
वहीत एक रकाना छापलेलाच आहे: रंग.
तेराशे वेळा मी तिथे लिहिलंय, नाही.
पंपघराचा झरा अट्रॅक्टाच्या विहिरीच्याच खडकातला.
बाटली उजेडात धरून उभा आहे.
काचेपलीकडे, परसातल्या दोरीवर
तीन इवल्या बंड्या, धुतलेल्या,
याच पाण्यात.