नव्याण्णव टक्के

घणसोली, सेक्टर नऊ. सकाळचे अकरा.
आजची फाइल: हृदयाच्या शस्त्रक्रियेचे कागद,
संमतीपत्र, घरी गेल्यावर घ्यायच्या गोळ्या.
बाराशे चार वाक्यं,
पैकी नऊशे सोळा यंत्राला आधीपासून पाठ.
एजन्सीचा निरोप: नव्याण्णव टक्के जुळतात
त्यांना शब्दामागे वीस पैसे. नुसती नजर फिरवा.

फिरवते.

यंत्र जुनं भाषांतर वर काढतं,
खाली नाव, तारीख: चा. घरत, मार्च २०१२.
चारुशीला. तिच्या शेजारी बसून मी हे काम शिकले
तुर्भ्याच्या त्या ऑफिसात, जिथे एसीचं पाणी
शब्दकोशावर ठिबकायचं.
"आम्ही ठरवू" नको लिहूस गं, म्हणायची,
पेशंट दाराबाहेर उभा राहतो. "आपण ठरवू" लिही.
इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द.
ती आता कुठे असते माहीत नाही.
तिची वाक्यं असतात.

वाक्य चारशे अकरा.
जुन्यात २५ मिलिग्रॅम. नव्यात २.५.
बाकी सगळं तेच, पूर्णविरामासकट.
फरकाला यंत्राने फिका पिवळा रंग दिलाय,
हळद सांडून पुसल्यावर ओट्यावर उरते तेवढा.
"ध"चा "मा" निदान कुणीतरी मुद्दाम केला होता.
इथे कुणाचाच हेतू नाही. एक टिंब,
ज्याला शब्द धरत नाहीत,
म्हणून त्याचे वीस पैसेही नाहीत.

खिडकीबाहेर सिडकोच्या इमारती.
घर लिहायचं, वर टिंब द्यायचं,
की लांबपर्यंत घरं.

दुपारी रूपेश कुरियरवाल्याचा फोन:
मॅडम, पार्सल दिलं ना मघाशीच.
कुठे?
सी-सातमध्ये.
मी बी-सात.

गेले. बेल वाजवली. तीच जाळी, तोच कडप्पा,
ओटा त्याच भिंतीला,
बाल्कनीतून खाडीचा वास तसाच आत आलेला.
फक्त कॉट होती, जिथे माझं टेबल असतं,
आणि कॉटवर एक आजोबा,
मांडीवर माझं पार्सल, न फोडलेलं.
वर बघून म्हणाले, आलीस, कुंदे? केवढा उशीर.

दार उघडलेल्या सुनेने माझ्याकडे पाहिलं.
मान हलवली नाही, ना उभी ना आडवी.
माझी उंची तिच्याएवढी असेल. किंवा चष्मा.
किंवा कुंदा यायची ती वेळच ही असेल.
किती टक्के, ते कुठल्या कोपऱ्यात लिहिलेलं नव्हतं.

आले, म्हटलं मी.
महापेला ट्रॅफिक होतं.

पार्सल त्यांनी दिलं नाही, मी मागितलं नाही.
प्रिंटरची शाई होती. परत मागवता येते.

घरी येऊन वाक्य चारशे अकरा.
टिंब दिलं. तपासलं. पुन्हा तपासलं,
शेवटी स्क्रीनवर बोट टेकवून,
लहानपणी पाटीवर टेकवायचे तसं.
जतन केल्यावर खाली माझं नाव उमटलं, आजची तारीख.

मग पाचशे तीन. हिरवं. शंभर टक्के.
अशांना हात लावू नये असा नियम.
आपण शुद्धीवर नसाल तेव्हा आपण ठरवू.

चारुशीला, अगं,
शुद्धीवर नसलेल्याने कसं ठरवायचं?
मी "आम्ही" केलं. वाचलं.
पेशंट उठून दाराबाहेर गेला, सलाइनसकट.
पण ठरवणार तर तेच होते, हिरव्या मास्कमधले,
आणि कागदावर सही त्याची हवी होती.

यंत्राने विचारलं, जुनं पुसून नवं ठेवू?
दोन्ही ठेवा, असंही एक बटण आहे.
बरंच खाली.
ते शोधायला मला चष्मा काढावा लागला.