शृंगारतळीला, टायर घेताना

परकारने खाचेत नाणं उभं केलं.
"खोली आहे अजून. पण रबर सुकलंय.
दाराशीच असते ना गाडी, खाऱ्या वाऱ्यात?"
मग कडेचे चार आकडे पत्रिकेसारखे वाचून
वय सांगितलं, सात वर्षं.

मी ऐंशी हजार किलोमीटरवाला मागितला.
"जाता कुठे?"
सोमवार-गुरुवार चिपळूण. आईचं डायलिसिस.

त्याने तो परत फळीवर ठेवला,
मऊ कडेचा एक गडगडत आणला.
"हा लवकर झिजेल.
पण खड्डा त्यांच्या टोचलेल्या हातापर्यंत
पोचायचा नाही."

पैसे चारांचेच होते. स्टेपनी जुनीच राहिली.

आई बाकावरून उठली,
नव्या रबराचे केस चाचपत म्हणाली,
"अगोबाई, ह्याला तर कोळंबीच्या मिशा!"