डाव्या कोपराखाली

नोव्हेंबरात आम्ही जिवंत असल्याचं सिद्ध करायला जमतो
सेमिनरी हिल्सच्या उताराखाली, बँकेच्या पायरीवर.
यंत्राला कुणाचाच अंगठा पटत नाही.
तोवर गप्पा. गप्पा म्हणजे सामान.

निनावे म्हणतो, माझा मग हरवला होता ट्रेनिंगमध्ये,
पांढरा, निळ्या काठाचा, तामचिनीचा;
पगारातून कापले दोन रुपये दहा पैसे,
आणि रिटायर झालो त्या आठवड्यात ट्रंकेत सापडला.
मोज्यात.
सहारे बुटांवर येतो. सहारे नेहमी बुटांवरच येतो:
आठ नंबर मागितला, नऊ मिळाला,
स्टोअरवाला म्हणाला, पाय वाढतील.
वाढले का बे? कोणीतरी दरवर्षी विचारतं.
बघेलला सुईदोऱ्याची ती पुरचुंडी आठवते
जिला यादीत हाऊसवाइफ म्हणत.
त्यानं भाबडेपणानं घरी कळवलं,
इथं मला हाऊसवाइफ मिळाली, सरकारी आहे,
तर माय दोन दिवस जेवली नाही.

मी हसतो. कोटाचं बोलत नाही.

तांडापेठेत आमचा माग खड्ड्यात होता,
बाप कमरेपर्यंत जमिनीत,
करवतकाठी लुगडी विणणारा,
माणसाच्या तोंडाआधी त्याचं धोतर बघणारा.
आदमपूरहून पहिल्या रजेवर आलो
तो ग्रेटकोट अंगात घालूनच, मोहल्ल्याला दाखवायला,
नागपुरात, फाल्गुनात.
बाप उठला नाही. बाही ओढली,
कड चिमटीत धरून चोळली डोळे मिटून.
“कोन्या मागावरचं आहे हे?
ताणा बरा आहे. बाणा कंजूस.”
मग त्याचं बोट कोपराखाली येऊन थांबलं.
हँगरच्या पत्र्याला अडकून फाटलं होतं तिथं,
म्हणून तर मी स्टेशनपासून हाताची घडी घालून होतो.

ठिगळ लावून टाकतो, मी म्हटलं, परत गेल्यावर तपासणी आहे.
“ठिगळ?”
शिवी ऐकल्यासारखा बघत राहिला.

तीन रात्री.
आतल्या दुमडीतून एकेक धागा सोडवला,
धड निळा नाही, धड राखाडी नाही,
पहाटे फुटाळ्याचं पाणी दिसतं तसा.
“लोकर माझ्या हाताले ठाऊक नाही,” म्हणत म्हणत
दोन वर, एक खाली, तिरकी चाल पकडत गेला,
चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं कानाला बांधलेली.
आई म्हणाली, सरकार मजुरी देईल का याची?
तो म्हणाला, सरकारले दिसलं तं काम बिघडलं.

तपासणीत सार्जंटनं कोट उलटा केला, सुलटा केला.
पुढच्याकडे गेला.

कोट उसना होता, थंडीच्या ठिकाणापुरता.
बदलीचा हुकूम आला की परत.
काउंटरवर झटकला, ढिगात टाकला,
ग्रेटकोट, एक, वापरण्याजोगा. सही करा.
मी सही केली.
काय सांगणार होतो त्या क्लार्कला,
की कापड तुमचंच आहे हो सगळं,
फक्त दोन बोटांपुरती वीण
माझ्या घरची आहे?
मागे रांग होती. पुढच्याचा मगच मिळत नव्हता.

पुढे तो खड्डा मुरूम टाकून बुजवला आम्ही,
वर शहाबादी फरशी. आता तिथं फ्रिज आहे.
बापाच्या हातचं घरात काहीच उरलं नाही,
लुगडी तर तेव्हाच विकली जायची,
विणायची ती विकायलाच.
कधी वाटतं, तो कोट कुणा पोराला मिळाला असेल,
कोपर टेकून त्यानं रात्रपाळीत डुलकी घेतली असेल
नेमकी तिथं.
कधी वाटतं, विमान पुसायच्या चिंध्या झाल्या.
दोन्ही खरं असू शकतं. आधी एक, मग दुसरं.

“हेडाऊ! नंबर आला तुझा.”
निनावे ढकलतो. बघेल विचारतो,
तू काय ठेवून घेतलं बे, खरं सांग,
सगळ्यांनी काही ना काही ठेवलंच आहे.
सगळं परत केलं, मी म्हणतो. पाहिजे तर पावती दाखवतो.

पोरगी म्हणते, आजोबा, अंगठा पुसून पुन्हा ठेवा.
मी सदऱ्याच्या बाहीला पुसतो,
आणि सवयीनं, कापड जरा चोळून बघतो.