डावा कौल

खोटं मी केलं नाही, हे आधी ऐकून घे.
तुझ्या दोन्ही खांद्यांना पाणी सारखंच लावलं होतं,
अनंताच्या पाकळ्या एकाच फुलाच्या,
बोट थरथरलं नाही, फुंकर मारली नाही.
मागे पंच उभे.
सिडकोची माणसं त्या आठवड्यात बांधावर साखळ्या ओढत होती
आणि हसुराम भोपी एकटाच बेलापूरला जाऊन
सही करून आलेला.
त्याची बायको यमुनी पहाटे गेली.
प्रश्न एवढाच :
खांदा द्यायचा की नाही.

डावी पडली.

"देवी बोलली तं आपन कोन?"
दामा म्हणाला,
आणि सगळ्यांचे खांदे एकदम हलके झाले.
माझेही.

दुपारी तिरडी माझ्या दारावरून गेली.
पुढे हसुराम आणि सायकलवर आलेला उरणचा मेहुणा,
मागे दोन पोरं.
धाकटा बारा वर्षांचा, उंचीला कमी,
त्याच्या बाजूला यमुनी कलंडलेली.
मी खिडकीची फळी लावली.

फळी लावायला तू सांगितलं नव्हतंस.
त्रेचाळीस वर्षं मी तेवढंच उलटंपालटं करून बघतो, आई,
कौलात फळी नव्हती.

पुढे मिठागरं बुजली,
खाडीचा वास उन्हाळ्यापुरता उरला,
तुझं देऊळ ग्रॅनाइटचं झालं, गाभाऱ्यात एसी.
हसुरामच्या मागोमाग सह्या सगळ्यांनीच केल्या,
दामानं तर रांगेत पुढे घुसून.
त्या वेळी कौल लावायचं
कुणाच्या लक्षात आलं नाही.

एकदा रात्री कडी लावून मी एकट्यानं विचारलं :
तेव्हा बोललीस ती तूच ना?
दोन्ही पाकळ्या सकाळपर्यंत चिकटून.
दुपारी कडा तपकिरी झाल्या.
शेवटी मीच नखानं काढल्या.

काल तो धाकटा आला.
पंचावन्नचा असेल, गुडघा धरून पायऱ्या चढला.
"काका, पोरीनी जातीभाईरचा पोर पसंत केलाय.
भावकी बोलते, कौल लावा.
डावा आला तं पोरीला घराभाईर काढायची."
भावकीतले चौघे बाहेर चपला काढत होते.
ताम्हन भरलेलं, फूल खुडलेलं,
माझी बोटं ओली.

मी पंच्यानं हात पुसले.
एकेक बोट पुसलं, वेळ लावून.
म्हटलं, तिला नको विचारू, मला विचार.
मी सांगतो : त्या पोराला रविवारी जेवायला बोलव.
आणि उद्या काही वाकडं झालं
तर चावडीवर उभा राहून माझं नाव घे.
देवीचं नको घेऊस. माझं.

तो काही बोलला नाही.
त्याचा उजवा खांदा अजून किंचित
खाली आहे.
"रविवारी," म्हणाला मग,
"तुमी पन याल काय?"