हॉलची किल्ली

माझी निवड झाली नव्हती.
मी फक्त सगळ्यांत जवळ राहत होते,
कॉलेजच्या मागच्या गल्लीत, कॉट बेसिसवर.
"लोंढे, सकाळी उघडशील ना?"
म्हणत इरफान बागवानने किल्ली हातात टाकली
आणि तो टी.वाय.च्या अभ्यासाला लागला.

किल्लीला लाकडी ठोकळा, हरवू नये म्हणून.
त्यावर कर्कटकाने कोरलेलं:
वि. सा., गौ, ९८, पुन्हा गौ,
आणि एक बदाम, अर्धाच.

मी बार्शीहून आले होते स्टॅटिस्टिक्स करायला.
आता साडेसहाला कुलूप, मग झाडू,
मग रात्रीचे कप मोजायचे.
अठ्ठावीस माणसं, एकतीस कप.
ती जास्तीची तिघं कोण
हे मला वर्षभर सुटलं नाही.

विंगेत बसून मी शर्वाणी टिळेकरचं
तेच वाक्य चाळीसदा ऐकलं.
एकेचाळिसाव्यांदा ती मध्येच थांबली, नुसती थांबली,
आणि माझ्या हातातली बॅटरी
कुठे रोखायची तेच मी विसरले.

रक्तदान शिबिरही त्याच हॉलमध्ये.
बिस्किटं कमी पडली, रक्त नाही.
सतरंज्या झटकायला मात्र
मी आणि ढमाले मामा, दोघंच.

प्राथमिक फेरीला पाच दिवस उरले होते.
सेट उभा होता: प्लायवूडचं घर,
निळा रंगवलेला दरवाजा.
रात्री अकराला ढमाले मामांचा फोन.
ओढ्याचं पाणी वस्तीत शिरलंय,
माणसं गेटवर उभी आहेत, काय करू?
प्राचार्यांचा फोन बंद.
उपप्राचार्य म्हणाले, सकाळी बघू.
परवानगीचा अर्ज तीन प्रतींत असतो
आणि किल्ली माझ्या उशाशी होती.

त्रेसष्ट माणसं. मोजायची सवय.
एक शिलाई मशीन, दोन कोंबड्या,
पोलक्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं रेशनकार्ड.
कधी खुर्ची न उचललेल्या शर्वाणीने
कपड्यांची ट्रंक उपडी केली.
राजाच्या शेल्यात एक तान्हं झोपलं,
सरदारांच्या अंगरख्यांत म्हातारे.
इरफान परीक्षेचं पुस्तक काखेत धरून
चहा करत राहिला. कप कमी पडले,
पहिल्यांदाच.

पहाटे एक पोरगा स्टेजवर चढला
आणि निळा दरवाजा ढकलायला लागला.
"हे उघडत नाही."
मी म्हटलं, अरे, ते नुसतं रंगवलेलंय.
"मग केलं कशाला?"

माझ्याकडे किल्ली होती.
उत्तर नव्हतं.

प्राथमिक फेरीतच आम्ही बाहेर पडलो.
भिंतीवर गुडघ्याएवढी चिखलाची रेघ राहिली होती,
परीक्षकांना वाटलं नेपथ्य निष्काळजी आहे.
मला नोटीस आली. खुलासा लिहिला,
दीड पान. त्यात "माणुसकी" हा शब्द
तीनदा लिहून तीनदा खोडला.
शेवटी ठेवलं एवढंच:
हॉल रिकामा होता, म्हणून उघडला.
निवडणुकीला मग कुणीतरी माझं नाव सुचवलं.
मी हरले, सतरा मतांनी,
किल्ली तरी माझ्याकडेच राहिली.

काल एफ.वाय.चा एक जण आला,
तन्मय का तन्वीर, नीट ऐकू आलं नाही.
त्याला फक्त विचारायचं होतं
पंख्याचं बटण कुठलं.
साडेदहाला सगळे गेले तरी
तो खुर्च्या लावत होता, न सांगता,
वाकड्या ओळीत.

ठोकळ्यावर मी कोरायला घेतलं होतं:
"लों" झालं, मग टोक मोडलं.
राहू दे.

हे घे.
आधी वरची कडी दाब, मग फिरव.
जोर लावू नकोस, ते कुलूप जुनं आहे.
आणि कप मोज.
दोनतीन नेहमी जास्त निघतात,
ते धुऊन ठेव.