फक्त इथे बसून वाचण्यासाठी

पुस्तकाच्या पाठीवर लाल चिकटपट्टी: घरी न्यायचं नाही.
म्हणून मंगळवार आणि शुक्रवार
मी ओटलीच्या लायब्ररीत, हीटरजवळच्या टेबलाशी,
पिशवीत डबा, नाकावर चष्मा,
अडुसष्टाव्या वर्षी
पान कसं मांडतात ते शिकते.

या गावात एकेकाळी छापायची यंत्रं बनत.
आता तिथे फ्लॅट, खाली कुत्र्यांचं सलून.
पुस्तक मात्र अजून शिशाच्या काळातलं बोलतं:
दोन ओळींमध्ये शिशाची पट्टी सरकवावी,
तेवढाच श्वास.
मी लिहून घेते: श्वास, दोन पॉइंट.
मग खोडते. आपल्याला दोन पुरायचे नाहीत.
त्यांची अक्षरं जमिनीवर उभी, बूट घालून.
आपली दांडीला लोंबकळलेली,
वर मात्रा, वेलांटी, अनुस्वाराची टिकली,
खाली उकार पाय सोडून बसलेले.
वरच्या ओळीतल्या एकाचा पाय
खालचीच्या अंबाड्यात अडकला
की भांडण माझ्या पानावर.

मांडायची आहे ह्यांची वही.
शेविनच्या उतारावर भाड्याचा वाफा, सव्वीस वर्षं.
'लीक लावले. वारा.'
'गोगलगायी एकेचाळीस. सगळ्या कुंपणापलीकडे.'
'रुबार्बवर बादली उपडी घातली. मालू म्हणते, हे कसलं प्रेम.'
(असं मी म्हणाले होते? आठवत नाही.)

बाहेरचा समास रुंद ठेवा, पुस्तक म्हणतं,
वाचणाऱ्याचा अंगठा अक्षरांवर येऊ नये.
मी वही उघडते.
नेमका तिथेच, खालच्या कोपऱ्यात, मातीचा अंगठा,
खतावर उठवावा तसा,
रंगांच्या कारखान्यातल्या एम.एस्सी. माणसाचा.

शेवटी 'इतर लिप्या'. दीड पान.
आपल्या वाट्याला एक शब्द, तोही मोडका:
वेलांटी भलत्याच्या डोक्यावर,
जोडाक्षराचा हात खांद्यातून निखळलेला.
राहवलं नाही. पेन काढलं.
'पेनाने नको, लव्ह,' काउंटरवरून एकरॉइड,
आणि पेन्सिल आणून ठेवली, टोक केलेली.
मी समासात शब्द नीट लिहिला.
ते उभे राहून बघत होते,
दुसऱ्याचा वाफा बघतात तसे.

पान एकशे बारा.
परिच्छेदाची शेवटची ओळ
एकटीच पुढच्या पानावर गेली, तर तिला विधवा म्हणतात.
तशी सोडू नये, बरं दिसत नाही.
मागे ओढून घ्यावी,
किंवा सोबतीला एखादी ओळ पाठवावी,
नाहीतर आधीचंच काही कमी करावं.
मी मोठ्याने हसले.
पलीकडच्या गृहस्थांनी पेपर खाली केला.
काय सांगू त्यांना,
मुलगा फोनवर हेच म्हणतो, क्रॉलीला ये.
नणंद तिकीट काढून बसलेली.
आणि ब्रॅडफर्डच्या घाणेकरबाई
येऊन ह्यांचे कोट मोजून गेल्या.

वहीतली शेवटची नोंद ऑक्टोबरची.
'लसूण लावला, अर्धा. कंबर धरली.
बाकीचा उद्या.'
ते 'बाकीचा उद्या' माझ्या मांडणीत
पुढच्या पानावर जाऊन बसतं, माथ्याशी, एकटं.
तीन दिवस खटपट केली. अक्षर बारीक केलं,
समास चोरला, श्वास कापला.
गोगलगायी काढल्या तर येतं मागे.
गोगलगायी कशा काढू?

एकरॉइडनी छापलेलं पान उजेडात धरलं.
मराठीचं अक्षर कळत नाही त्यांना,
पण बोट बरोबर तिथे: 'ही ओळ पलीकडे गेलीय.'
गेलीय, म्हटलं. असू दे.

बाकीचा लसूण मी लावला,
नोव्हेंबरात, उशिरा, थोडा उलटासुलटाही.
किती उगवला
ते वहीत नाही.